जुलैतलं रिकामं मैदान

धाकटा भाऊ कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून सामना बघून थेट आमच्याकडे आला. एप्रिलचा रविवार, आवाज बसलेला, चपला-पँटवर धूळ. आपली तालीम, म्हणजे पेठेतला फुटबॉल संघ, जिंकली की हरली हे तो सांगेना, त्यावरून हरली असणार. खिशातून गुंडाळी केलेलं माहितीपत्रक काढून त्याने टेबलावर पसरलं. ते सारखं गुंडाळलं जात होतं, म्हणून एका कोपऱ्यावर चहाची बशी ठेवली आणि दुसऱ्यावर माझा चष्मा.

"वैनी, हे बघा. बार्सिलोनाजवळ. जुलैत पंधरा दिवस फुटबॉलचा कॅम्प. आपल्या पोरीला पाठवू."

आपली पोरगी म्हणजे माझी लेक. वय तेरा, आठवीची परीक्षा नुकतीच दिलेली, पायात कायम बूट. धाकट्याला दोन मुलगे आहेत आणि त्यांतला एकही चेंडूला पाय लावत नाही, त्यामुळे काकाचा सगळा जीव हिच्यात. तो स्वतः १९९८ पर्यंत पेठेतल्या तालमीकडून लेफ्ट हाफ खेळायचा. गुडघा गेला आणि उद्यमनगरात लेथ लावली. माझी बायको पुण्याची, बँकेत कर्ज विभागात आहे. कुठलाही कागद हातात आला की ती आधी मागची बाजू वाचते. आताही तिने बशी उचलली, पत्रक उलटं केलं आणि वाचायला लागली. मी मधे बसलो होतो. त्या संध्याकाळी माझं काम एवढंच होतं.

"इथे लिहिलंय, 'क्लबच्या मुख्य अकादमीशी या शिबिराचा निवडीच्या दृष्टीने संबंध नाही.' बारीक अक्षरात आहे, भाऊजी."

"ते लिहावं लागतंय. पण तिथं माणसं बघत असतात की. कोच असतात, क्लबची माणसं असतात. एखादी पोरगी डोळ्यात भरली तर?"

"भरली तर काय करतील?"

"घेतील."

"घेता येत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबने घ्यायचं नाही, असा फिफाचा नियम आहे. कलम एकोणीस. अपवाद मोजकेच आहेत. आईवडील फुटबॉल सोडून वेगळ्या कारणासाठी तिकडे राहायला गेले तर. युरोपातल्या युरोपात, सोळा ते अठरा वयात. नाहीतर घर सीमेला लागून असेल तर. आपली सीमा निपाणीला आहे."

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी चष्म्याकडे बघत होतो.

"तुम्हाला एक जपानी मुलगा सांगते," बायको म्हणाली. बँकेत मधल्या सुट्टीत ती असलं काहीबाही वाचते हे मला माहीत होतं, इतकं वाचते हे नव्हतं. "ताकेफुसा कुबो. २००९ मध्ये बार्सिलोनाचा कॅम्प जपानमध्येच भरला होता, तेव्हा हा आठ वर्षांचा. त्यात सर्वांत चांगला ठरला. २०११ मध्ये खरोखरच त्याला बार्सिलोनाच्या अकादमीत घेतलं. तुम्ही म्हणता तसं, डोळ्यात भरला. मग २०१४ मध्ये फिफाने क्लबला पकडलं. परदेशातली लहान मुलं नियम मोडून घेतली म्हणून लागोपाठ दोन वेळा नवे खेळाडू घ्यायला बंदी. या मुलाला सामने खेळता येईनात. २०१५ मध्ये परत जपानला. लाखात एक म्हणावा असा मुलगा, त्याची ही गत."

"तो आता मोठा खेळाडू आहे, वैनी. २०२२ ला रेआल सोसिएदादनं घेतला त्याला."

"हो, आणि त्याआधी रेआल माद्रिदने घेतलं २०१९ च्या जूनमध्ये. त्याच महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली होती. मधली चार वर्षं तो घरीच खेळला ना, जपानमध्ये? म्हणजे घरी खेळायला जागा होती."

हे शेवटचं वाक्य तिला महागात पडणार होतं, पण ते थोड्या वेळाने.

धाकटा चहा प्यायला. पेठेतला माणूस गोल खाल्ल्यावर लगेच सेंटरला चेंडू ठेवतो. "बरं, निवड सोडा. शिकवणं तर खरं असेल?"

"शिकवणं खरं असेल. पण शिकवतं कोण आणि कधी, ते बघा. तिकडचा हंगाम मे-जूनमध्ये संपतो. अकादमीची मुलं सुट्टीवर जातात, मैदानं रिकामी होतात. आपल्याकडे शाळेला सुट्टी लागली की वर्गात वऱ्हाड उतरवतात ना, तसं. मैदान तेच, कपडे तेच, भिंतीवरची चित्रं तीच. फक्त ज्यांच्यासाठी ते मैदान बांधलं ती मुलं तिथे नसतात. तुमची पुतणी खेळणार कुणाबरोबर? दुबईहून, मेक्सिकोहून, मुंबईहून पैसे भरून आलेल्या मुलींबरोबर. त्यांतल्या चार उत्तम असतील आणि दहाजणींनी बूट तिथे जाऊनच विकत घेतले असतील."

इथे मला हसू आलं, कारण वऱ्हाडाचा दाखला बरोबर बसला होता. पत्रकात दिवसाचा कार्यक्रमही होता: सकाळी सराव, दुपारी स्पॅनिशचा तास, संध्याकाळी परत सराव, एक दिवस स्टेडियम बघायला, शेवटच्या दिवशी सामना आणि प्रमाणपत्र. आमच्या ओळखीच्या एका सराफाने मुलाचं असंच एक प्रमाणपत्र चौकट करून दुकानात गणपतीच्या शेजारी लावलंय. मुलगा आता बंगळुरात संगणकावर काम करतो. गिऱ्हाईक विचारतं, सराफ सांगतो, बांगड्यांचं वजन तोवर तसंच काट्यावर.

"खर्च बोलूया?" बायकोने पत्रकाच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहायला घेतलं. फी बावीसशे युरो. मुंबईहून विमान. शेंगेन व्हिसा, त्यासाठी किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा विमा, बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबईची फेरी, कारण बाराच्या वर ठसे लागतात. नेणाऱ्या-आणणाऱ्यांचे वेगळे. खाऊला पैसे. "पावणेचार लाख. आपल्यापैकी कुणी सोबत गेलं तर सहा. आणि जुलैत इथे शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो. नववी आहे."

"जुलैत इथं काय असतंय ते पण लिहा की," धाकटा म्हणाला. "पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटाला इशारा, त्रेचाळीसला धोका. रोज सकाळी पेपरात आधी ते बघायचं, मग बाकीचं. गांधी मैदानाचं तळं. जून ते सप्टेंबर ही पोरगी जिन्यात चेंडू मारत बसती. खालचे जोशी तक्रार घेऊन येतात. तिकडं त्या वेळी रात्री नऊला उजेड असतो, पायाखाली गवत."

त्याचं म्हणणं खरं होतं. जोशी खरंच येतात.

"म्हणून पंधरा दिवसांसाठी पावणेचार लाख?" बायको म्हणाली. "याच पैशात इथे काय होईल ते ऐका. एक प्रशिक्षक, परवाना असलेली, बाई असेल तर उत्तम. महिना अठरा हजार धरा, वर्षाचे दोन लाख सोळा हजार. वीस चेंडू, तीस हजार. शंकू, जाळ्या, बनियन पंधरा. मैदान आणि केळी पन्नास. तीन लाख अकरा हजार झाले. वीस मुली वर्षभर शिकतील, वर चौसष्ट हजार उरतील. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं. आपल्याहून लहान गाव, हिवाळ्यात बर्फ. त्यांनी छप्पर घातलेली मैदानं बांधली आणि प्रशिक्षक तयार केले. सहा वर्षांच्या पोरांनासुद्धा शिकलेला माणूस शिकवतो. २०१६ ला युरोत उपांत्यपूर्व फेरी, २०१८ ला विश्वचषक. त्यांच्या बायकांचा संघ तर २००९ पासून युरोत आहे. त्यांनी मुलं बाहेर पाठवून नाही केलं हे."

मला वाटलं, संपलं. वीस मुलींपुढे एक मुलगी म्हणजे काय उत्तर देणार? धाकटा मात्र सावकाश बोलायला लागला. सामना हातातून जात असला की तो असाच खेळायचा, चेंडू पायाखाली दाबून.

"वैनी, हिशोब झकास आहे. फक्त मला एक सांगा. पत्रक आणलं नसतं तर ह्या वीस पोरी तुम्हाला आठवल्या असत्या? मी म्हणतो, उद्या पाठवणं रद्द. पावणेचार लाख काढा, वीस पोरींचं सुरू करू, मी चेंडू शिवून आणतो. काढाल?"

बायको गप्प.

"न्हाई काढणार. मी पण न्हाई काढणार. ते पैसे फ्लॅटच्या हप्त्यात जातील आणि दिवाळीपर्यंत कुणाला आठवणार न्हाईत. गावातल्या पोरींचं नाव घेऊन घरातल्या पोरीचं अडवायचं, हे लई सोपं असतंय."

घरात जरा शांतता झाली. मला वाटतं, एकूण बोलण्यातलं सर्वांत जड वाक्य तेच होतं. दोघांनाही लागलं. परोपकाराची जी उदाहरणं आपण खर्च टाळायला देतो, त्यांची यादी केली तर माझी स्वतःचीच मोठी निघेल.

"आता तुम्ही मगाशी म्हणाला त्यावर येतो," धाकटा म्हणाला. "जपानच्या पोराला घरी खेळायला जागा होती. बरोबर. आपल्या अनिकेत जाधवला पण होती. कोल्हापूरचा पोरगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, २०१७ ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्या देशात खेळला. हा पोरगा असता तर मी पत्रक आणलंच नसतं. पोराला तालीम आहे, पेठ आहे, गल्लीत रोज संध्याकाळी वीस जण आहेत, हरला तर शिव्या घालायला दहा हजार माणूस आहे. पोरगा फुकट शिकतो इथं. हिला कोण आहे? हिच्या शाळेत अकरा पोरी जमत नाहीत. सात जमतात. त्यातल्या दोघींना दहावी आली की घरात बसवणार."

"एफसी कोल्हापूर सिटीचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळलाय. आपणच बघितलंय."

"खेळलाय. मी मान्य करतो, मला अभिमान आहे. पण आज संध्याकाळी सहा वाजता, तेरा वर्षांच्या पोरीनं कुठं जायचं? पत्ता सांगा."

पत्ता तिच्याकडे नव्हता. म्हणून तिने तो प्रश्न काढला, जो मला वाटतं तिच्या मनात पहिल्यापासून होता.

"ठीक. पंधरा दिवस अनोळखी देशात. रात्री त्या मजल्यावर कोण झोपतं? बाई की पुरुष? फोन दिवसातून किती वेळा? ताप आला तर कोण नेणार? आणि पाळी आली तर ती कुणाला सांगणार?"

धाकट्याने चहाच्या कपात पाहिलं. कप रिकामा होता, तरी त्याने बराच वेळ पाहिलं. आमच्या घरात हा शब्द त्याच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. मग तो खाली बघूनच बोलला, पण बोलला.

"वैनी, रागावू नका. ती इथं कुणाला सांगती?"

"म्हणजे?"

"महिन्यातनं चार दिवस ती सरावाला येत न्हाई. कोचला सांगती, पोट दुखतंय. कोच चांगला माणूस आहे, त्याला वाटतंय पोरगी आळशी. परवा मला म्हणाला, तुमच्या पुतणीत जिद्द कमी आहे. मी काय बोलणार? मी पण गप्प बसलो. त्या पत्रकात पोरींच्या गटाला बाया शिकवणार म्हणून लिहिलंय. चार बाया, फोटोसकट. पोरीनं आयुष्यात बाई कोच बघितलेली न्हाई. मोबाईलवर बघती. २०२२ मध्ये कॅम्प नोउवर बायकांच्या सामन्याला एक्क्याण्णव हजार सहाशे अठ्ठेचाळीस माणूस आलं होतं, बार्सिलोना आणि वोल्फ्सबुर्ग. आकडा मला तिनंच पाठ करून दाखवला. तिला वाटतंय ते सिनेमातलं आहे. मला एवढंच पाहिजे की तिनं ते गवत एकदा पायानं बघावं. खेळाडू होऊ दे, नको होऊ दे."

"मग तसं म्हणा ना," बायको जवळजवळ ओरडली. "पहिल्यापासून क्लब, निवड, माणसं बघत असतात, हे कशाला? सहल म्हणा. सहलीला पैसे घालायचे की नाही ते मी ठरवेन. पण शिडी म्हणून विकू नका मला. आणि तिला तर अजिबात नको. पावणेचार लाखांची शिडी तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवली तर ती उतरणार कधी? परत आल्यावर प्रत्येक सामन्यात कुणीतरी म्हणणार, स्पेनला जाऊन आली आणि हे?"

"पहिलं मीच म्हणणार," धाकटा प्रामाणिकपणे बोलला.

या क्षणी दोघं एकमेकांच्या इतकी जवळ आली होती की भांडण संपायला हवं होतं. संपलं नाही. आमच्याकडे भांडणं मुद्दा संपल्यावर जास्त रंगतात. तिने पुन्हा इतिहास काढला. अदिती चौहान इंग्लंडला गेली ती शिकायला, लफबरो विद्यापीठात, आणि तिथून २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या गोलात उभी राहिली. बाला देवी भारतासाठी वर्षानुवर्षं गोल करून मग २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण पंजाबातली, गोकुलम केरळकडून खेळत २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडे गेली आणि चॅम्पियन्स लीगमध्ये उतरलेली पहिली भारतीय ठरली. "तिघी मोठ्या होऊन गेल्या. स्वतःच्या पायांवर. क्लबने पैसे देऊन नेलं किंवा पदवीने नेलं."

"आणि तिघींपैकी एक पण महाराष्ट्रातली न्हाई," धाकटा म्हणाला. "ते पण लिहा पेन्सिलीनं."

त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. मी विषय बदलायचा म्हणून सरकारचं काढलं. २०२३ मध्ये राज्य सरकारने बायर्न म्युनिचशी करार करून शाळकरी मुलांची स्पर्धा घेतली होती, त्यातून वीस जणांना म्युनिचला पाठवायचं ठरलं होतं. तसं काही मुलींसाठी निघालं तर? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गॅसवरची आमटी ढवळून आलो.

परत आलो तेव्हा तिने पत्रकाच्या मागे प्रश्न लिहायला घेतले होते, कर्जाच्या अर्जावर शेरे लिहितात तसे. गटात मुली किती, कोणत्या वयाच्या. एका प्रशिक्षकामागे मुली किती. रात्री मजल्यावर बाई कोण, तिचं नाव. स्पेनमध्ये २०१५ पासून मुलांबरोबर काम करणाऱ्याला लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला द्यावा लागतो, तो यांच्याकडे आहे का. आजारी पडून मधेच परतली तर पैसे किती परत. शिबिर क्लब स्वतः चालवतो, की क्लबचं नाव भाड्याने घेतलेली कंपनी. धाकट्याने वाकून वाचलं आणि शेवटी एक स्वतःचा घातला: चेंडू यायच्या आधी मान वळवून मागं बघायला शिकवतात का?

"हे काय?"

"ते महत्त्वाचं आहे. बार्सिलोनाचा चावी तसं करायचा. इथं सगळे ओरडतात, पुढं मार, पुढं मार. मागं बघ असं कुणी सांगत न्हाई."

"मग तुम्ही सांगा ना तिला. त्याला व्हिसा लागत नाही."

"मी सांगतो. काकाचं कोण ऐकतंय?"

पोरगी इतका वेळ कुठे होती? आतल्या खोलीत, दाराला कान लावून. बुटांचे दाते फरशीवर वाजत होते म्हणून कळलं. आईने हाक मारल्यावर आली. तुला जायचंय का, असं अखेर तिला विचारण्यात आलं. तिने पत्रक घेतलं आणि आईसारखंच उलटं करून आधी मागची बाजू वाचली. सगळे प्रश्न वाचून झाल्यावर म्हणाली, "तिथे गोलकीपर कोण असणार? आमच्याकडे कुणीच गोलात उभी राहत नाही, मीच राहते. मला पुढे खेळायचंय."

यावर काय म्हणायचं हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

निर्णय झाला नाही. झालं ते असं: बायको म्हणाली, या जुलैचं कठीण आहे, पण पासपोर्ट काढून ठेवायला हरकत नाही, दोघा पालकांच्या सह्या लागतात आणि मुलांचा पाच वर्षं चालतो. "म्हणजे ही अठराची होईपर्यंत," ती म्हणाली आणि मग स्वतःच थोडी थांबली. धाकट्याने बोटं मोजून बघितली. मग सोमवारपासून सकाळी सहाला मान वळवायला शिकवायचं ठरवून तो गेला. पत्रक इथेच राहिलं, बशीचा गोल डाग बार्सिलोनावर.

बुधवारी तिला फोटो काढायला नेलं. ती सरावावरून आलेली, अंगात जर्सी. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत, केस मागे घे, हसू नको. ती हसत नव्हतीच. फ्लॅश पडायच्या आधी तिने मान वळवून मागच्या पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. फोटोवाला वैतागला. दुसऱ्यांदाही तेच. तिसरा फोटो चांगला आला.